वर्गातला वसंत आणि मुलांनीच काढलेला ‘वसंत-वार्ता’चा अंक: इंदूरच्या प्रायमरी वर्गांसाठी, पायरी पायरीनं

फेब्रुवारी संपत आला की आम्हा प्रायमरीच्या टीचर लोकांच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते, स्प्रिंगच्या ॲक्टिव्हिटी काय घेताय, कोणाकडे वर्कशीट आहे का. मग ज्या शीट येतात त्यात ट्यूलिप असतात, ससे असतात, बर्फ वितळून झरा वाहत असतो. पहिली दोन वर्षं मीही तेच वाटलं. दुसरीच्या मुलांनी अगदी मनापासून गुलाबी ट्यूलिप रंगवले, आणि त्याच वेळी खिडकीबाहेर मैदानाच्या कोपऱ्यात सावर अशी लालभडक फुलली होती की मैनांचा नुसता कलकलाट चालू होता. पण एकाही मुलानं तिकडे पाहिलं नाही, कारण मीच त्यांना खाली शीटकडे बघा म्हणत होते. ते मला फार लागलं. त्यानंतर मी हा सगळा प्रकारच बदलला आणि आता चार-पाच वर्षं जे करतेय ते इथे सविस्तर लिहितेय, म्हणजे पहिली ते चौथीच्या कोणालाही जसंच्या तसं किंवा थोडं बदलून घेता येईल.

आधी एक गोष्ट आपणच नीट समजून घ्यायला हवी. पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, आणि त्याआधीचे माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, पानगळीचा. माळव्यात हे दोन्ही एकमेकांत मिसळलेले दिसतात, एकाच आठवड्यात एका झाडाची पानं गळत असतात आणि शेजारच्याला कोवळी लाल पालवी फुटत असते. आपल्याकडे झाडं पानं टाकतात ती मुख्यतः पुढच्या कोरड्या महिन्यांत पाणी वाचवायला, बर्फामुळे नाही. पुस्तकात पानगळ म्हणजे ऑटम आणि पालवी म्हणजे स्प्रिंग, मध्ये अख्खा हिवाळा, असं असतं, त्यामुळे मुलं गोंधळतात. तेव्हा पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं की पुस्तकातलं तिकडच्या देशांसाठी बरोबर आहे, पण आपण आपल्या खिडकीबाहेरचं लिहिणार आहोत.

आता वेळेचं गणित. मध्यप्रदेशात नवीन सेशन १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मार्च सगळा परीक्षेचा. पाचवीला तर बोर्डाच्या पद्धतीची परीक्षा असते, म्हणून पाचवी मी यात धरत नाही. बाकीच्यांसाठी आठवड्याला तीन तास, बस, त्याहून जास्त मागू नका, मिळणार नाहीत. माझे तीन टप्पे असतात: फेब्रुवारीच्या शेवटापासून होळीपर्यंत, रंगपंचमी ते मार्चअखेर, आणि एप्रिलचे पहिले तीन आठवडे. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी ‘वसंत-वार्ता’चा एक अंक, म्हणजे मुलांनीच हातानं लिहिलेलं वर्गाचं बातमीपत्र, एकूण तीन. होळी, रंगपंचमी, गुढीपाडवा यांच्या तारखा दरवर्षी सरकतात, तेव्हा आधी कॅलेंडरवर त्या लाल पेनानं मार्क करून मगच बाकीचं बसवा.

पहिली पायरी: झाड ठरवणं

शाळेच्या आवारातलं किंवा गेटबाहेरचं एकच झाड घ्या. सगळी झाडं घेतली की मुलं एकही धड बघत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतेय. इंदूरच्या शाळांत कडुनिंब आणि पिंपळ बहुतेक ठिकाणी सापडतातच, सावर असली तर फारच भाग्य. झाडाला नंबर नको, नाव द्या, मुलं देतात बरोबर. आमच्या सावरीचं नाव लालीमावशी आहे.

मग प्रत्येक गटानं एक फांदी निवडायची, हाताला लागेल अशी, तिला लोकरीचा रंगीत धागा सैल बांधायचा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी दहाच्या आत तिथे जाऊन तीनच गोष्टी वहीत लिहायच्या: पानं किती, नवीन काय दिसलं, कोण आलं होतं (मुंगी, खार, बुलबुल, काहीही). पहिलीच्या मुलांनी चित्र काढलं तरी चालेल. फुलं-पानं तोडायची नाहीत, खाली पडलेलीच उचलायची, हा नियम सुरुवातीलाच पक्का करा.

काय बघायला सांगायचं ते झाडावर आहे. पिंपळाची नवी पानं तांबूस गुलाबी असतात आणि हात लावला तर अगदी मऊ. हा लाल रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून सांभाळतो आणि हरितद्रव्य वाढलं की पान हिरवं होतं. मुलांना एक लाल पान आणि एक हिरवं पान शेजारी ठेवून दाखवा, शब्द नंतर. कडुनिंबाची पानगळ, लालसर पालवी आणि मग ती बारीक पांढरी फुलं हे साधारण पाडव्याच्या आसपास होतं, म्हणजे पाडव्याला कडुनिंबच का हे मुलं स्वतः विचारतात. सावरीचं फूल पाच जाड पाकळ्यांचं, वाटीसारखं, त्यात मध असतो म्हणून पक्ष्यांची जत्रा भरते, आणि हे सगळं झाडावर पान नसताना. एप्रिल-मेमध्ये तिची बोंडं फुटून कापूस उडायला लागतो, तो अंक तीनसाठी राखून ठेवा.

आंबा जवळ असेल तर एका मोहोराच्या तुऱ्याला धागा बांधा. एका तुऱ्यात फुलं शेकडो असतात, कधी हजारावर, आणि कैऱ्या धरतात मोजक्या. दर आठवड्याला तिथली बारीक कैरी मोजायची आणि फळ्यावर आकडा मांडायचा. मागच्या वर्षी आमच्या एका तुऱ्यावर २३ होत्या, मग ११, मग ४, शेवटी एक. ती एक कैरी टिकावी म्हणून सगळा वर्ग इतका काळजीत होता की सुट्टीच्या दिवशी मुलं मला फोन करायला लावत होती आईला. वजाबाकी अशी शिकवायला मिळाली तर वेगळं काय हवं.

दुसरी पायरी: पळस आणि रंग

शहरात पळस कमीच, पण महू-चोरलकडे रविवारी जाणारी कोणी ना कोणी फॅमिली असते, त्यांना सांगून ठेवा की पडलेली फुलं पिशवीभर आणा. नाहीतर होळीच्या दिवसांत सुकलेली टेसूची, म्हणजे पळसाचीच, फुलं जडीबुटीच्या दुकानात मिळतात. इथे एक फार गंमतीची गोष्ट होते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मराठी घरातल्या मुलांनी ऐकलेली असते, मग त्यांना सांगा तपासून या. होळीच्या वेळी झाड बघून येतात आणि म्हणतात मॅम, पानं तर एकपण नाही, नुसती फुलं. म्हण खोटी म्हणायची का? तर नाही, हा प्रश्न वहीत लिहून एप्रिलपर्यंत उघडा ठेवायचा. उत्तर तुम्ही सांगू नका, कितीही वाटलं तरी.

रंगासाठी दोन मुठी फुलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी घरीच पंधरा-वीस मिनिटं उकळून गाळून आणा, वर्गात गॅस नको. पिवळसर केशरी पाणी मिळतं. त्यात पानाच्या चुन्याची निवळी थेंबभर टाकली की रंग गडद होतो. पण चुना डोळ्यांत गेला तर भयंकर, म्हणून ते काम फक्त टीचरनं करायचं आणि मुलांच्या हातात जाणारं पाणी बिनचुन्याचंच. जुन्या सुती रुमालाचे तुकडे बुडवून दोरीवर वाळत घाला, प्रत्येक मुलाला एक घरी नेऊ द्या.

मुलांना स्वतः करायला हळद सगळ्यात चांगली. पाण्यात कालवलेली हळद जुन्या कागदावर फासून वाळवायची, मग कापसाच्या काडीनं साबणाच्या पाण्यानं त्यावर नाव लिहायचं, अक्षरं लाल उमटतात! वर लिंबू फिरवलं की परत पिवळी. पारंपरिक कुंकू हळद आणि चुन्यापासून करतात ते याच कारणानं, आणि हे ऐकलं की मुलं घरी जाऊन आजीला विचारतात, आणि आजीकडून जे येतं ती अंकाची सगळ्यात छान बातमी असते. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून तेच करता येतं, लिंबानं गुलाबी आणि खायच्या सोड्यानं हिरवट. तिसरी-चौथीला हे दोन्ही घ्या, पहिली-दुसरीला हळद पुरे.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, हा तर आपल्या मुलांचा हक्काचा विषय. राजवाड्यावर जाऊन आलेलं, गॅलरीतून बघितलेलं किंवा नुसतं टीव्हीवर बघितलेलं, प्रत्येकाकडे सांगायला असतं. मी त्यांना गर्दीचं वर्णन लिहायला सांगत नाही, सगळे एकच लिहितात. मी सांगते दुसऱ्या दिवशीचा रस्ता बघून या. गेर संपल्यावर काही तासांत सफाई मित्र रस्ते धुऊन काढतात, ते कसं, किती जण, पाणी कुठून? गल्लीत सकाळी कचरागाडी येते तेव्हा मोठ्या माणसाला बरोबर घेऊन सफाई मित्राला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर जसंच्या तसं लिहून आणायचं. एका मुलीनं विचारलं होतं, काका तुम्ही रंग खेळता का? ते म्हणाले, संध्याकाळी, ड्यूटी झाल्यावर. हे एवढंच वाक्य आम्ही मोठ्या अक्षरात छापलं होतं.

तिसरी पायरी: सावली मोजणं

मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो म्हणून थोडं जास्त लिहिते. २० मार्चच्या आसपास दिवस-रात्र सारखे असतात हे पुस्तकात असतंच. ते बघायला एक मीटरहून थोडी लांब सरळ काठी घ्या, जुन्या बादलीत वाळू भरून त्यात उभी करा, पण तिचं टोक जमिनीपासून बरोबर १०० सेंटीमीटर उंच हवं आणि काठी अगदी सरळ, त्यासाठी दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. सावली जमिनीवर पडते आणि बादली उंच असते म्हणून काठीची उंची जमिनीपासून धरायची, नाहीतर बादली खड्ड्यात बसवा, आम्ही क्यारीतच ठेवतो.

सकाळी शाळा भरल्यापासून दर अर्ध्या तासानं दोन मुलं जाऊन सावलीच्या टोकावर खडूनं ठिपका देतात. त्या दिवशी सगळे ठिपके जवळजवळ एका सरळ रेषेत येतात, पश्चिमेकडून पूर्वेकडे. उज्जैनला जयसिंगाच्या वेधशाळेत शंकुयंत्र (उभ्या काठीची सावली बघायचं यंत्र) आहे तिथेही या दिवशी सावली अशीच सरळ रेषेवरून चालते, ५५ किलोमीटरवर तर आहे, ज्या घरांना जमेल त्यांनी मुलांना जरूर न्यावं. इंदूरला सूर्य त्या दिवशी सगळ्यात वर येतो तो बारा वाजता नाही तर साडेबारा उलटून चार-पाच मिनिटांनी, कारण आपलं घड्याळ जिथल्या वेळेवर चालतं ते ठिकाण आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे. तेव्हा १२:३० ते १२:४० मध्ये दर दोन मिनिटांनी मोजा, सगळ्यात लहान सावली साधारण ४२ सेंटीमीटर भरेल. तुमची ४० किंवा ४४ आली तरी वाईट वाटून घेऊ नका, काठी किंचित कलली असेल. आकडा बदलून मात्र लिहू नका, मुलं बघत असतात.

हेच १५ एप्रिलला परत करा, २३ सेंटीमीटरच्या आसपास येते. म्हणजे एका महिन्यात सावली जवळजवळ अर्धी. ‘ऊन चढलं’ म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसतं. दुपारच्या उन्हात सगळा वर्ग नेऊ नका, चार-चार जण, टोपी घालून, पाच मिनिटं, बाकीचे वर्गात आकडे मांडतात.

मधल्या छोट्या गोष्टी

मोड आणणं सगळेच करतात, त्यात एक बदल सुचवते. मूग रात्रभर भिजवून तीन वाट्यांत ओल्या कापसावर ठेवा, एक खिडकीत, एक कपाटात अंधारात, एक खिडकीतच पण कापूस कोरडा. मुलांकडून आधी लिहून घ्या कुठला जास्त वाढेल. सगळे खिडकीतला म्हणतात, आणि चार-पाच दिवसांनी कपाटातला उंच निघतो, पण पिवळा आणि लुळा. त्या दिवशी वर्गात जो वाद होतो तो थांबवू नका, तास गेला तरी चालेल.

पक्ष्यांसाठी पाण्याचं मातीचं परळ, इथे सगळे सकोरा म्हणतात, सावलीत ठेवा, उथळ हवं आणि मध्ये एक दगड, म्हणजे लहान पक्ष्याला बसता येतं. पाणी रोज बदलायचं, डास होऊ द्यायचे नाहीत, याची ड्यूटी लावा. २० मार्चला चिमणी दिवस आणि २२ ला पाणी दिवस असतो, त्या निमित्तानं सुरू करा पण बंद मात्र करू नका. दोन सारखे स्टीलचे डबे, एक उन्हात, एक सावलीत, पट्टीनं रोज किती पाणी उडालं ते मोजलं की बाष्पीभवनाचा धडा झाला.

सिरपूर तलावाची ट्रिप कोणी विचारली तर ती फेब्रुवारीत न्या. धार रोडवरचा हा तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहे, पण बाहेरून आलेले बरेच पक्षी मार्चमध्ये निघून जायला लागतात.

चैत्रात मराठी घरांत चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं, कैरीची डाळ आणि पन्हं. वर्गात पन्हं करा, मोजायला उत्तम: एक वाटी उकडलेल्या कैरीचा गर, दीड-दोन वाटी गूळ, वेलची, मीठ, ग्लासाला दोन चमचे. कैरी घरून उकडून आणा. कोणाला काही चालत नसेल तर आदल्या दिवशीच घरी विचारून घ्या. ज्या मुलांच्या घरी हा सण नसतो त्यांना विचारा तुमच्याकडे उन्हाळ्यात काय पितात, आमच्याकडे एकदा अशी आठ पेयं निघाली.

अंक कसा काढायचा

सगळं यासाठीच चाललंय. शाळेतून पेरेंट्सना जे पत्रक जातं त्यात अमुक दिवस साजरा झाला, तमुक पाहुणे आले, एवढंच असतं, आणि घरी कोणी ते वाचत नाही. मुलानं स्वतः पाहिलेलं छापा, मग बघा, आजोबा चष्मा लावून दोनदा वाचतात.

एक ए-फोर कागद, दोन्ही बाजू, हाताच्या अक्षरात. कॉम्प्युटरवर टाइप करायचा मोह होतो पण मुलांचं अक्षर गेलं की अंक टीचरचा होतो. कागदाला पेन्सिलनं आठ चौकोन पाडा, मागे-पुढे मिळून सोळा. पातळ पांढऱ्या कागदाचे तेवढेच तुकडे मुलांना द्या, काळ्या पेनानंच लिहायचं, पेन्सिल झेरॉक्समध्ये फिकी येते. मग चिकटवून झेरॉक्स. वर्गात ४० मुलं असतील तर तीन अंकांत प्रत्येकाचा एक तरी चौकोन येतोच, यादी करून टिक करत जा, लाजरी मुलं दरवेळी मागे राहतात.

बातमीला नियम एकच: पाहिलं, मोजलं किंवा विचारलं असलं पाहिजे. ‘वसंत ऋतू खूप सुंदर असतो’ हे परत पाठवायचं, प्रेमानं, तू काय पाहिलंस म्हणून. तेच मूल मग लिहून आणतं, ‘आमच्या गच्चीवर कोकिळ बसला होता, काळा होता आणि डोळे लाल होते’. (कुहू करणारा तो नर, मादी तपकिरी ठिपक्यांची, हे शेजारच्या चौकोनात टाकता येतं.) कधी आणि कुठे हे दोन शब्द प्रत्येक बातमीत हवेत. शुद्धलेखन फार लाल करू नका, वाचता येत नसेल तेवढंच सुधारा. दोन मुलं तपासनीस नेमा, ती खरंच जाऊन बघून येतात बातमी बरोबर आहे का, आणि त्यांचा रुबाब असतो!

भाषेचं म्हणाल तर आमच्या वर्गात घरी मराठी बोलणारी थोडी, हिंदी-माळवीवाली जास्त. मी म्हणते ज्यात सुचेल त्यात लिहा. आणि एक कायमचा चौकोन असतो, एका गोष्टीची नावं: पळस, टेसू, खाखरा. सावर, सेमल. कैरी, केरी. आपल्या मुलांची मराठी इथे घरापुरतीच उरत चालली आहे याची मला खरंच काळजी वाटते, आणि शाळेच्या कागदावर आपल्या आजीचा शब्द छापून आला की मूल तो शब्द मोठ्यानं बोलायला लाजत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ग्रुपवर अंकाचा फोटो टाकायचा असेल तर मुलांचे चेहरे आणि पूर्ण नावं नकोत, नुसतं पहिलं अक्षर आणि वर्ग लिहा.

तिसऱ्या अंकाला एक अडचण येते, १ एप्रिलला वर्ग बदलतो, कधी टीचरही बदलते. म्हणून धागा बांधलेल्या फांद्यांच्या नोंदी, सावलीचे आकडे आणि पहिले दोन अंक एका फाइलमध्ये घालून पुढच्या टीचरला स्वतः हातात द्या आणि झाड दाखवून या. तिला वेळ नसेल तर आठवड्यातून एक मधली सुट्टी मागून घ्या, मी तेच करते. तुमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना ती फाइल वाचायला द्या, ती लगेच झाडाकडे पळतात.

एप्रिलमध्ये चोरलकडे गेलेलं कोणीतरी पळसाचं नवीन पान घेऊन येतं, मोठं, एका देठावर तीन पर्णिका असलेलं. मग मार्चची वही काढायची, तिथे लिहिलेलं असतं ‘पानं: ०’, त्याच्याखाली तारीख घालून मुलाकडूनच लिहून घ्यायचं. आणि सुट्टीचा अभ्यास म्हणून काठी: जूनच्या पहिल्या पंधरवड्यात इंदूरला एका दुपारी काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते, साधारण साडेबाराच्या आसपास. तो दिवस कोणता ते घरी उभी काठी लावून शोधायचं, ढग नसले तर, आणि शाळा उघडली की तारीख सांगायची.